काचेपलीकडचं श्रुतलेखन

२९ जानेवारी, शुक्रवार

शाळा सोमवारपासून उघडणार. नक्की. मोठ्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि मुख्याध्यापिका स्वतः फोन करतात म्हणजे पत्र हातात पडलेलं असतं. दहा महिने अफवांवर काढले. आता खरी बातमी आली तर दोनदा विचारून खात्री केली!

दुसरीची माझी बावीस मुलं. अकरा-अकराच्या दोन तुकड्या, एक दिवसाआड. एका बाकावर एक. मास्क सगळ्यांना, मलाही, पूर्ण वेळ. आणि २६ फेब्रुवारीपर्यंत यादी द्यायची – कोण तिसरीत जाणार, कोण आणखी एक वर्ष दुसरीतच बसणार. दहा महिने फोनवर शिकवलं आणि महिन्याभरात निकाल! मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचा अनुभव आहे, तुम्हाला जमेल." हे वाक्य ऐकलं की मी समजते, काम अशक्य आहे.

१ फेब्रुवारी, सोमवार

फाटकात शिपाईमामा ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभे. प्रत्येक कपाळावर नेम धरून "वाचलास, जा आत" म्हणतात. एक मुलगी रडायलाच लागली.

मुलं उंच झालीत. चेहरे अर्धे. डोळ्यांवरून माणूस ओळखता येतो असं उगीचच म्हणतात – अकरापैकी चार ओळखली.

टाचणी मात्र लांबूनच ओळखली. अंगाने तशीच, नजर तशीच. गेल्या वर्षी पहिलीत माझ्याच वर्गात होती. हे नाव मीच ठेवलं – बारीक, टोकदार, आणि बरोबर जागी टोचणारी. पहिल्या बाकावर, माझ्यापासून चार फुटांवर. टक लावून बघायची आणि वाक्य संपायच्या आत "तमजलं, बाई!" म्हणायची. 'स'चा 'त' व्हायचा. लहान आहे, सुटेल, असं मी म्हणत होते.

आता हजेरीपटाच्या क्रमाने बसवायचं, म्हणून ती शेवटच्या बाकावर. हजेरी घेतली. ती गप्प. शेजारच्याने हाताने खुणावलं तेव्हा दचकून उभी राहिली.

३ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारपासून एका मुलाला भलत्याच नावाने हाक मारत होते. तो बिचारा दर वेळी उठून उत्तर देत होता! आज कळलं. "अरे, सांगितलं का नाहीस?" तर म्हणतो, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

टाचणी आजही गप्प. मी वही काढायला सांगितली की आधी इकडे-तिकडे बघते, दुसऱ्यांनी काढली की मग काढते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

श्रुतलेखन घेतलं. दहा शब्द, वेगवेगळ्या धड्यांतून उचललेले. टाचणीची वही बघून मी दोनदा चष्मा पुसला. दहाच्या दहा शब्द शुद्ध. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बिनचूक. फक्त मी सांगितलेला त्यात एकही नाही!

धड्याखालच्या चौकटीत नवे शब्द असतात, ते तिने पहिल्यापासून ओळीने लिहिले होते. पाठ करून आली असणार. पण मी दुसरे शब्द सांगत होते हे तिच्या लक्षात येऊ नये? की येऊनही तिने मुद्दाम हे लिहिलं? मला चिडवते आहे का? सात वर्षांची पोर?

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं. ती माझ्या कपाळाकडे, मग मास्ककडे, मग वहीकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी. मी वही मिटून परत दिली.

८ फेब्रुवारी, सोमवार

क्रम गेला खड्ड्यात. तिला पहिल्या बाकावर आणलं. जुनी जागा. वाटलं, आता खुलेल.

नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. वहीत मात्र सुरेख अक्षर – फळ्यावरचं सगळं उतरवलेलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा सुटताना तिच्या आईला फाटकात थांबवलं. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते, हातावर भाजल्याचे डाग. माझं ऐकून घेतलं आणि तिला हसूच आलं.

"ती गप्प? बाई, घरी तर पोपट आहे पोपट! भांडी घासताना समोर येऊन बसते आणि डोकं खाते नुसतं."

"मग शाळेत का बोलत नाही?"

"हट्टी झालीय. मी पाठमोरी असले आणि हाक मारली तर ओ देत नाही. जवळ जाऊन धपाटा घातला की मग 'काय गं आई?' टीव्हीच्या तर आत शिरून बसते. तुम्हीच दोन द्या की!"

मी विचारलं, फोनवरच्या शाळेत मंगळवारी-गुरुवारी हिचं काम कधीच का येत नव्हतं? माझ्या चौकटीच्या वहीत नोंद आहे – ज्याचं काम आलं त्याच्यापुढे निळी खूण. टाचणीच्या ओळीत सोमवार, बुधवार, शुक्रवार निळे, मधले दोन रिकामे. आई म्हणाली, "त्या दिवशी मी कामावर असायचे ना. फोन आजीकडे ठेवून जायचे. आजीला काय, लाल बटण कुठलं नि हिरवं कुठलं!"

पटलं. लाड, आजी, फोन. प्रत्येक घरात हेच. तरी काहीतरी बसत नाही. काय, ते कळत नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

तिसरीच्या बाई चहा घेता घेता म्हणाल्या, "अगं, कच्चं माझ्याकडे ढकलू नकोस हं! मला पुढे चौथीच्या बाईंच्या शिव्या खायच्या आहेत."

मी टाचणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर्षभर फोनवर राहून मुलांची डोकी बधिर झालीत. एक वर्ष थांबली तर काय बिघडतं? पाया पक्का होईल."

पाया! जी मुलगी पहिलीत पाढे उलटे म्हणून दाखवायची, तिचा?

पण मी कागदावर काय लिहू? तोंडी परीक्षा – शून्य. श्रुतलेखन – शून्य, शून्य, एक. एका गाण्यावर सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, तिने दोन टाळ्या उशिराने.

२४ फेब्रुवारी, बुधवार

यादी दिली. मुदतीच्या दोन दिवस आधी. उशीर करायची सवय नाही मला, एवढ्या वर्षांत एकदाही नाही. दुसरीत थांबणारी नावं दोन. एक मुलगा वर्षभर सापडलाच नाही, त्याचं कुटुंब गाव सोडून गेलं. दुसरं नाव टाचणी.

लिहिताना अक्षर चांगलं येत होतं, याचाच राग आला.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंनी तिच्या आईला सही करायला मंगळवारी बोलावलं आहे. टाचणीला कुणी सांगितलं नाही. तरी आज जाताना माझा हात धरून उभी राहिली. अंतर ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कपाट आवरताना चौकटीची वही पुन्हा हातात आली. सहज चाळली. जुलैच्या एका आठवड्यात टाचणीच्या खुणा उलट्या! मंगळवार-गुरुवार निळे आणि बुधवार, शुक्रवार रिकामे.

त्या आठवड्यात आजीला फोन वापरता यायला लागला की काय? हसले, आणि मग हसू थांबलं. त्या सोमवारी मी स्वतः तापाने झोपले होते. धडा एक दिवस पुढे सरकला. म्हणजे सोमवारचा व्हिडिओ मंगळवारी गेला.

व्हिडिओ!

फोनचे जुने निरोप काढले. पालकांची तक्रार होती की रोज व्हिडिओ पाठवला तर नेट संपतं. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी चेहरा दाखवून शिकवायचे, आणि मंगळवारी-गुरुवारी नुसता आवाज भरून पाठवायचे. त्या एकाच आठवड्यात सगळं एक दिवस सरकलं होतं.

आई घरी असो, आजी असो. ज्या दिवशी माझं तोंड दिसलं, त्या दिवशी टाचणीचं काम आलं. ज्या दिवशी नुसता आवाज, त्या दिवशी नाही. वर्षभर. एकदाही चूक नाही.

माझ्या वहीत तारखा होत्या, वार होते, नावं होती. मी काय पाठवलं ते लिहिलंच नव्हतं! मुलांची हजेरी मांडली, माझी नाही.

नवरा दोनदा "काय झालं?" म्हणाला. मला स्वतःलाच खात्री नाही. उद्या बघायचं.

१ मार्च, सोमवार

वर्गात शिपाईमामांना उभं केलं. "मामा, पाच मिनिटं. कुणाला उठू देऊ नका." मी व्हरांड्यात गेले, खिडकी बाहेरून ओढून घेतली, मास्क काढला. काचेच्या पलीकडे टाचणी, पहिल्या बाकावर.

दहा शब्द म्हणाले. आवाज न काढता. नुसते ओठ.

आत एकच गोंधळ! "बाई, ऐकू येत नाही!" "बाईंचा आवाज गेला!" ज्याला मी भलत्या नावाने हाक मारायचे तो मुलगा उभा राहून हातवारे करत होता. मामा हतबल. आणि त्या सगळ्या कल्लोळात टाचणी खाली मान घालून लिहीत होती. एक शब्द झाला की वर बघायची. पुढचा सांगा, अशा नजरेने. महिन्याभरात पहिल्यांदा तिचे डोळे हसत होते.

दहापैकी आठ. चुकलेले दोन – 'पान'च्या जागी 'मान', 'बारा'च्या जागी 'मारा'. शिक्षकांच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहून दोन्ही म्हणून बघितले. ओठ सारखेच हलतात. म्हणजे ती चूकही तिची नाही.

माझी ही कितवी चूक? पहिलीत मीच तिला पुढे बसवलं होतं. कशासाठी? टक लावून बघते म्हणून! काय लक्ष आहे पोरीचं, असं चार जणींना सांगितलं होतं.

२ मार्च, मंगळवार

तिची आई टाचणीला घेऊन सही करायला आली. मोठ्या बाईंनी कागद पुढे सरकवला, मी त्यावर हात ठेवला. सगळं सांगितलं. टाचणी दाराकडे तोंड करून उभी होती. मी मागून तिचं नाव घेतलं, तीनदा, शेवटी मोठ्याने. ती दाराबाहेरची चिमणी बघत राहिली.

आई म्हणाली, "हट्टी आहे हो ती." मग अगदी हळू, "मी हिला मारलंय बाई. ओ देत नाही म्हणून."



मोठ्या बाई म्हणाल्या, यादी वर जायची आहे, नाव खोडायचं तर डॉक्टरांचा कागद लागेल. शुक्रवारपर्यंत थांबवते, त्यापुढे माझ्या हातात नाही.

३ मार्च, बुधवार

कानाच्या दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळी अकरा, वेळ पक्की.

मधल्या सुट्टीत टाचणीला लांब अंगणात नेलं, मास्क खाली घेतला आणि समजावलं – डॉक्टर कान बघतील, दुखणार नाही. तिने मान हलवली. मग डबे संपवून, मास्क लावून गप्पा मारणाऱ्या, खिदळणाऱ्या मुलांच्या घोळक्याकडे बोट केलं आणि विचारलं, "बाई, त्यांना मात्कच्या आतलं तोंड कतं दिततं? मला पण शिकवा ना."

उद्या अकरा वाजता. तिची आई येणार आहे. मीही जाणार आहे.