जमिनीखालच्या गॅसची मालकीण

दादा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रागवायलाही मजा येत नाही. तरी आज बस जरा समोर. मी बोलतेय आणि सून लिहितेय. तिला बजावलंय, मी म्हणेन तेच लिही, तुझं शहाणपण मध्ये घालू नकोस. ती म्हणते, "आई, हेही लिहू?" म्हटलं, लिही. आयर्लंडमधल्या स्लायगो गावात, भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघी बसलोय. निम्मी भांडी खोक्यांत गेली आहेत. खिडकीतून समोरचा डोंगर दिसत नाही, म्हणजे हवा नेहमीसारखीच आहे. वाईट बातमी आधीच सांगून टाकते, उगाच ताटकळायला नको. अमेरिकेतल्या जमिनीखालचा जो गॅस तू माझ्या नावावर ठेवून गेलास, तो विकता आला नाही. आता येणारही नाही.

मुलाने मला हा गॅस समजावायला कागद-पेन घेतलं होतं. वर डोंगर, डोंगरावर कुणा शेतकऱ्याच्या गाई, खाली खोल खडक, खडकात गॅस. "आई, नीट ऐक हं. मामाने तिथलं घर विकलं, जमीनही विकली, पण जमिनीखालचा हक्क स्वतःकडे ठेवला. वरचं त्यांचं, खालचं तुझं." बिचारा तासाभराच्या तयारीने बसला होता. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या फणसासारखं." वाटणीत परसाची जमीन काकाकडे गेली आणि त्यातला फणस आपल्याकडे राहिला, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तू मात्र ते पुरेपूर वापरलंस. काकाची खोडी काढून फणसावर चढायचास आणि वरून ओरडायचास, "मी तुमच्या जमिनीवर नाहीच, मी आमच्या झाडावर आहे!" काका खाली काठी घेऊन उभा. भूक लागली की उतरायचास, आणि काकाच्या जमिनीला पाय लागल्याबरोबर तुझा कान त्याच्या हातात. पुढे इंजिनीयर होऊन अमेरिकेला गेलास आणि तिथेही तेच केलंस. फक्त या वेळी वर चढण्याऐवजी खाली उतरलास.

या वर्षी तिकडच्या एका कंपनीचं पत्र आलं. असे जुने हक्क विकत घेत फिरणं हाच त्यांचा धंदा. तुझ्या डोंगराखालच्या विहिरी आता थकल्यात. पहिली दोन-तीन वर्षं गॅस जोरात येतो, मग गाय आटत जावी तसा कमी कमी होतो. तरी ते जे देत होते त्यात इथल्या एका लहानशा घराच्या डिपॉझिटचं भागत होतं. आणि ते भागायलाच हवं होतं, कारण घरमालकाला हे घर विकायचंय आणि आम्हाला निघायची नोटीस मिळालीय. मुलाची नोकरी इथल्या औषधाच्या कारखान्यात, सुनेची हॉस्पिटलात, गाव सोडून जाणार कुठे? शोधून शोधून दोन खोल्यांचा एक फ्लॅट मिळालाय. त्यात ती दोघं आणि नात कशीबशी मावतील. माझं काय, हे कुणी बोलत नव्हतं. माझं काय ते सगळं गॅसवर होतं. हे लिहिताना सून मान वर करत नाहीये.

आता सही करायची. मला सही कुठली येते, अंगठा. अंगठ्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत नावाला होती. मृत्युपत्रात तू माझं माहेरचं नाव लिहिलंस, आईने ठेवलेलं. माझ्या पासपोर्टवर, आधारवर, बँकेत, सगळीकडे सासरचं. आडनाव बदलतं तेवढं त्यांना कळतं. पण लग्नात बाईचं नावच काढून घेतात आणि दुसरं देतात, हे मुलगा फोनवर सांगत होता तेव्हा पलीकडच्या माणसाने ते तीनदा परत सांगायला लावलं. फोन ठेवून तो माझ्याकडे बघत बसला. "आई, तुझं नाव हे होतं?" पन्नाशीला आलेला माणूस. "मला कधी सांगितलं का नाहीस?" म्हटलं, "तू कुठे विचारलंस? तू तर मला आईच म्हणतोस." मग घसरला तुझ्यावर. "एवढा शिकलेला माणूस, बहिणीचं खरं नाव लिहायला काय झालं होतं?" तुला काय झालं होतं ते मला ठाऊक आहे.

मी सात-आठ वर्षांची आहे, सुपात तांदूळ घेऊन खडे निवडतेय. तू शाळेतून येतोस, सुपातले तांदूळ तळहाताने सारखे करतोस आणि माझं बोट धरून माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढतोस. दुसरं काढणार तेवढ्यात आई चुलीपासून ओरडते, "तांदूळ निवडायला दिलेत की खेळायला? एकाने शिकायचं आणि एकीने घर बघायचं, ठरलंय ना?" मी सूप हलवलं, अक्षर गेलं. तू पुन्हा शिकवायला बसला नाहीस. दहा वर्षांनी मांडवात परत तांदूळ, या खेपेला ताटात, आणि नवऱ्याने त्यात अंगठीने नाव काढलं. वाचून सगळ्या बायका खूश. मी नुसती बघतेय. पहिलं अक्षर ते नव्हे, एवढंच मला कळलं. तू ताटात डोकावलास आणि मांडवातून निघून गेलास, जेवायलाही आला नाहीस. मावशी म्हणाली, जिलबी संपली म्हणून रुसला असेल. मीही सासरी सगळ्यांना तेच सांगितलं. चोवीस वर्षांचा घोडा जिलबीसाठी रुसला म्हणून ते लोक पुढे कितीतरी वर्षं हसायचे. माफ कर हं.

मग तुझी पत्रं यायला लागली. पाकिटावर सासरचं नाव, पोस्टमनला कळायला हवं म्हणून. आत मात्र तू जुनंच लिहायचास. सासरे मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ते नाव गाळून थेट खुशालीवर यायचे. पण वाचून झाल्यावर कागद माझ्या हातात आला की पहिल्या ओळीत मला ते सुपातलं अक्षर दिसायचं. मला येतं ते तेवढं एकच.

इथल्या वकीलबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी हेच विचारलं. "दोन्ही नावं एकत्र असलेलं काही आहे का? एखादं जुनं पत्र, पाकिटासकट?" होती, दादा. ट्रंकभर होती. इकडे यायच्या वेळी बॅगेचं वजन जास्त भरत होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "नको ते काढून टाक." मला वाचता येत नाही ते नको ते, असा हिशोब करून मी पत्रं रद्दीत घातली आणि त्या जागी आमसुलं भरली. चांगली होती. केव्हाच संपली.

मग साक्षीदार शोधा म्हणाल्या, दोन्ही नावांनी ओळखणारा, आणि मुलगा चालणार नाही. काकाची धाकटी मुलगी सोडली तर तसं कुणी उरलेलं नाही, आणि तिला अलीकडे धड आठवत नाही. तरी व्हिडिओवर फोन लावला. तिच्या सुनेने तिला माझं माहेरचं नाव सांगून विचारलं, आठवते का? ती एकदम हसली. "ती होय! आमच्या फणसाचे गरे चोरायची." ऐकलंस? आमच्या म्हणे. मी इकडून हात हलवतेय, "अगं, मीच ती! बघ ना इकडे!" तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि सुनेला विचारलं, "या आजी कोण गं?" मग आपणहून म्हणाली, "ती गेली लग्न करून. पुन्हा काही आली नाही."

वकीलबाई स्वभावाने चांगल्या. इथे काहीही झालं तरी लोक ग्रँड म्हणतात, म्हणजे छान. पत्रं नाहीत? ग्रँड. साक्षीदार नाही? ग्रँड. कंपनीची मुदत संपली आणि त्यांनी नाद सोडला, तेव्हाही फोनवर आधी ग्रँड आणि मग सॉरी. तिकडच्या कोर्टात जाता येईल म्हणाल्या, पण त्याला जेवढा खर्च येईल तेवढा गॅस आता तुझ्या डोंगराखाली उरलेला नाही. तेव्हा तुझा हक्क आहे तिथेच राहील, कुठल्याच कागदावर जिवंत नसलेल्या एका मुलीच्या नावावर. माझं चिपळूणचं तिकीट काढलंय. तिथल्या माझ्या फ्लॅटची किल्ली शेजारणीकडे आहे. मुलगा म्हणतो, "थोडे दिवसच, आई, मोठं घर बघतो मग." मीही म्हणते, ग्रँड.

हे पत्र कुठे पाठवायचं? सून म्हणते, "घडी घालून तुमच्या बॅगेत ठेवते." म्हटलं, नको, वजन होईल.

एक राहिलं. वकिलांकडे त्या दिवशी आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आतून एक बाई आली आणि कागद बघून तिने माझं माहेरचं नाव पुकारलं. अगदी स्वच्छ पुकारलं, मुलाकडून आधी दोनदा म्हणून घेतलं होतं तिने. किती वर्षांनी कुणीतरी मला त्या नावाने हाक मारत होतं. मी भिंतीवरचं बोटीचं चित्र बघत बसले. कुणाला बोलावतायत, उठत का नाही ती बाई, असं मनात म्हणतेय. दुसऱ्यांदा पुकारल्यावर मुलाने मला कोपराने ढोसलं आणि त्या बाईला म्हणाला, "सॉरी, तिला कमी ऐकू येतं." घरी आल्यावरही त्याने तेच सांगितलं, आणि मी हो म्हटलं. जाण्याआधी माझे कान तपासून घ्यायचं चाललंय आता. सूनबाई, लिही, थांबू नकोस, आणि नवऱ्याला सांगू नकोस. दादा, माझे कान चांगले आहेत.