काळ्या कुसळाचं धान

गडचिरोली
२१ ऑक्टोबर

प्रिय प्रफुल,

‘प्रिय’ हे हात सवयीनं लिहून गेला. पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू दिलं. त्यातून भलता अर्थ काढू नको.

सहा वर्षांनी तुझा मेल आला. विषय काय, तर ‘एक छोटीशी मदत’. बाप्पा, काय ती नम्रता! सोबत टाईप करून तयार ठेवलेलं निवेदन, खाली माझ्या सहीपुरती मोकळी जागा. आपल्या शोधनिबंधातलं बियाणं बुधरीबाईंच्या घरचं, काळ्या कुसळाच्या धानाचंच होतं आणि ते माझ्यासमोर घेतलं, असं मी लिहून द्यायचं. वर मधाचं बोट, की तुझ्या नव्या प्रकल्पात माझ्यासाठी जागा निघू शकते. तू कामापुरता मामा म्हणणारा आहेस हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण सहा वर्षांत एकदा तरी मी जिवंत आहे का हे विचारायचं होतंस. फोन करत नाही, कारण तू बोलायला लागलास की मी अजूनही ऐकत बसेन आणि शेवटी मलाच माझं चुकलं असं वाटेल. त्यापेक्षा हे बरं. वाचताना मध्ये बोलता येत नाही.

काय झालंय ते तुला नीट ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे नंतर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायला नको. बुधरी आणि तिच्या गावानं दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धानाची नोंद गावाच्या नावे व्हावी म्हणून अर्ज केला. फॉर्म मीच भरला. एटापल्लीच्या पुढे, जिथे ऑगस्टमध्ये वीस-वीस दिवस पाणी येत नाही, तिथे बाकीची धानं पिवळी पडतात आणि हे एक हिरवं राहतं. नोंद झाली नाही तर उद्या कुणीही याच नावाची पाकिटं बाजारात आणेल आणि त्या गावाला विचारणारसुद्धा नाही. मार्चमध्ये उत्तर आलं. अर्जासोबतच्या धानाचा डीएनए ‘काळ्या कुसळाच्या धानाशी’ जुळत नाही, अर्ज नामंजूर. कुठल्या डीएनएशी जुळवून पाहिलं त्यांनी? आपल्या शोधनिबंधातल्या. छापलेला तोच एक होता ना. बुधरीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, माह्या घरचं धान माह्या घरचं नोहे, हे त्या मशीनले कोनं सांगितलं? माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. चहा प्यायले आणि शेवटच्या गाडीनं परत आले. मग गावानं अपील केलं, आणि तुला माझी सही आठवली.

आता तो दिवस आठव. तुझ्या पायात नवे कोरे बूट होते, एसटीतून उतरल्यावर चिखल लागला म्हणून तू झाडूभाऊंच्या, म्हणजे बुधरीच्या नवऱ्याच्या, अंगणात अर्धा तास काडीनं खरवडत बसलास. खळ्यात नवं धान झाकून ठेवलेलं होतं. नव्या धानाचा सण, पंडुम, चार दिवसांवर होता. पेरमा, म्हणजे त्यांचा पुजारी, देवाला धान दाखवत नाही तोवर घरातलं कुणी ते खात नाही आणि उंबऱ्याबाहेर एक दाणा जात नाही. झाडूभाऊंनी तुला दोनदा सांगितलं. तुझी मात्र बल्लारशाहहून गाडी होती, रिझर्व्हेशन होतं, पुण्यात सर वाट बघत होते. एक मूठ द्या, एका मुठीनं देव रागावतो का, हे तू हसत बोललास आणि मी शरमेनं खाली बघितलं. बुधरीपुढे पेच पडला. पंडुमाआधी धान द्यायचं नाही, आणि दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचंही नाही. मग ती आत गेली आणि दुसऱ्या टोपलीतलं मागच्या सालचं धान घेऊन आली. ते गावातल्या मंगलीच्या घरून अदलाबदलीत आलेलं, वेगळंच धान. मळून झालं की कुसळं गळतात, दाण्यावरून तुला काय कळणार होतं!

तुला नाही सांगितलं तिनं, मला सांगितलं. निघताना माझा हात धरून म्हणाली, बाई, हे ते नोहे, पंडुम झाला का ये, मंग ते देतो. तिनं कुणाला फसवलं नाही, प्रफुल. तिनं तुझीही लाज राखली आणि देवाचीही. मी तुला एसटीतच सांगितलं. तू म्हणालास, धान म्हणजे धान, आत्ता पेरून टाकू, मग बदलू. आणि मांडीवर पिशवी ठेवून त्यावर मार्करनं लिहिलंस, ‘काळं कुसळ, बुधरी’. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेल्या पोराचं अक्षर मोठं सुंदर, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. इतकी बावळट होते मी.

पंडुमानंतर दीड महिन्यानं मी एकटी परत गेले आणि बुधरीनं पायलीभर धान दिलं. पुण्यात आणलं तेव्हा तुझ्या कुंड्यांमध्ये पहिलं धान वीतभर उगवलेलं होतं. सरांना काय सांगू, दोन महिने वाया गेले म्हणून? हा तुझा प्रश्न होता. ती पायली शीतखोलीत मागच्या फळीवर गेली.

मग काय, आपण कामाला लागलो. म्हणजे मी लागले. पहाटे पाचला पानं तोडायची, खलात द्रव नायट्रोजन ओतून कुटायची, हिवाळ्यात बोटं बधिर व्हायची. तुझ्या हातचा आरएनए दर वेळी तुटायचा, कारण नळीचं झाकण उघडं ठेवून तू क्रिकेटवर बोलायचास. माझ्या हातचा कधी तुटला नाही. निबंधातल्या निकालांची प्रत्येक पट्टी माझ्या जेलवरची आहे, आणि ती खरी आहे, हेच तर दुखतं. काम खरं आहे, नाव खोटं आहे.

मार्चमध्ये कुंड्यांना लोंब्या आल्या. एकाही लोंबीला कुसळ नव्हतं. काळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही. मी तुला काचघरात ओढत नेलं. तू बघितलंस, हात झटकलेस आणि म्हणालास की पुण्याच्या हवेनं होतं असं कधी कधी. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसानं असं बोलावं! आंब्याच्या झाडाला पेरू लागले असते तरी तू हवेवरच ढकललं असतंस. मी माझ्या वहीत तारीख घालून लिहिलं, ‘कुसळ नाही’. आणि गप्प बसले.

का गप्प बसले ते तुला माहीत आहे, पण मला एकदा लिहायचं आहे. त्याच महिन्यात तू म्हणाला होतास की निबंध छापून आला की घरी आपल्याबद्दल बोलतो. मी त्या वाक्यासाठी गप्प बसले. निबंध छापून आला, पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. तू घरीही बोललास. तुझ्या आईनं मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी म्हणून नाक मुरडलं आणि तू मूग गिळून परत आलास. मला सांगायला लायब्ररीच्या जिन्यात उभं केलंस, तेही पाच मिनिटं. खरं सांगू, त्या दिवशी तुझं तोंड नायट्रोजनच्या भांड्यात बुडवावं असं वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दसऱ्याला सावलीला, बाबांकडे गेले होते. ते अजून मामा तलावात, गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकतात. कालचा मासा आणि आजचा मासा ते एका टोपलीत ठेवत नाहीत, गिऱ्हाईकाला कळणार नसलं तरी. मी लहानपणी विचारायची, काऊन जी? ते म्हणायचे, मले ठाऊक असते ना. एवढंच. या वेळी मी त्यांच्यासोबत काठावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्यांनी जाळं आवरलं आणि मग विचारलं, त्या बाईचं धान गेलं तं कोनाच्या सहीनं गेलं? मी म्हटलं, दोघांच्या.

तर तुझ्या निवेदनावर मी सही केलेली नाही. ते डिलीटही केलं नाही, जपून ठेवलं आहे. मी दुसरं निवेदन लिहिलं. शीतखोलीतल्या त्या पायलीतलं अर्धं धान मी पुणं सोडताना आईच्या डब्यात घालून आणलं होतं, झाकणावर तारीख आहे. सात वर्षांनी ते उगवणार नाही, पण डीएनएला उगवावं लागत नाही. गेल्या महिन्यात तपासून घेतलं. बुधरीच्या आजच्या धानाशी तंतोतंत जुळलं. तो अहवाल, माझ्या वहीची दोन पानं आणि माझं निवेदन परवा तिघांना गेलं : नोंदणी कार्यालयाला, शोधपत्रिकेला आणि विद्यापीठाला. विद्यापीठाला अशासाठी की माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच खोट्या नावावर उभं आहे. कुसळ नाही हे मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. डिग्री काढून घेतली तर इथल्या कॉलेजातली नोकरीही जाईल. जाऊ दे म्हणण्याइतकी मी मोठी नाही, रात्री झोप येत नाही. पण पाठवलं.

आणि तरीही हे पत्र, कारण बुधरीनं पाठवायला लावलं. मी तुझ्याविरुद्ध लिहून दिलं हे तिला सांगितलं, तर ती माझ्यावरच चिडली. मानसाच्या पाठीमागं बोलाचं नाई, पयले त्याले सांग, मंग दुनियेले सांग, असं म्हणाली. उशीर झालाच आहे, तरी सांगितलं. मंगळवारी गावाच्या अपिलावर सुनावणी आहे, ती आणि झाडूभाऊ येणार आहेत, मीही. तुलाही बोलावणं आलं असेल. तिचा एक निरोप आहे, तो जसाच्या तसा लिहिते, माझा असता तर लिहिला नसता : यंदाचा पंडुम झाला आहे, त्या साहेबाले म्हणा, आता ये, आता देतो.

तुझीच साक्षीदार,
रंजीता