प्रार्थना अडवण्याचा हक्क

काका, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायची माझी सवय काही गेली नाही. अजून डोळ्यांसमोर येतं, इथे अमेरिकेत, बॉथेलच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही माशाचं कालवण ढवळताय आणि मी, तुमची नागपूरची विद्यार्थिनी, टेबलाशी बसून वाद घालतेय. अलिबागचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू माणूस अमेरिकन पोरांना मध्ययुगातल्या ज्यूंचा राज्यविचार शिकवतो, याचंच मला आधी हसू यायचं. "ज्यांना राज्यच नव्हतं, त्यांचा कसला आलाय राज्यविचार?" असं मी म्हणाले, तेव्हा डाव तसाच हातात धरून तुम्ही उसळलात. "अगं, राजा दुसऱ्याचा होता, पण वस्ती तर आपलीच होती ना? तिथं कोणी कोणावर हुकूम चालवायचा, हा प्रश्न सुटतो काय?" मग ती जुनी प्रथा सांगितलीत. ज्याच्यावर अन्याय झालाय असा साधा माणूसही सिनेगॉगमध्ये उभा राहून सगळ्यांची प्रार्थना अडवू शकायचा. पुढारी कितीही मोठे असोत, त्याचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. मी भराभर टिपून घेतलं. तुम्ही म्हणालात, "लिहितेस छान. उठून बोलशील कधी?" फार झोंबलं होतं ते.

तर ऐका, उठले. इथल्या आमच्या मराठी मंडळाला आम्ही काही जण चार वर्षं सांगतोय, चौदा एप्रिलची जयंती कार्यक्रमांच्या यादीत घ्या, आणि दर वर्षी तेच, "पुढच्या मीटिंगला बघू." गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनात नाटकाचा पडदा उघडणार, तेवढ्यात मी स्टेजवर चढून माइक घेतला. म्हटलं, उत्तर मिळेपर्यंत नाटक सुरू होणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "ताई, प्लीज, लोक फॅमिली घेऊन आलेत." "म्हणूनच तर. कमिटीत कोण ऐकतं?" मागून कोणीतरी ओरडलं, "यार, बसा ना खाली!" नाही बसले. आवाज खणखणीत निघाला. शेवटी तिथंच, सगळ्यांसमोर, हात वर करून मतदान झालं आणि जयंती यादीत आली. मला अजून त्याचा माज आहे, खोटं कशाला बोलू?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. मतदानाआधी अध्यक्षांनी चिडून विचारलं होतं, "हे असलं अडवणं शिकलात कुठे?" मी म्हणाले, "कुठेतरी वाचलं होतं." तुमचं नाव घेतलं असतं, तर तिथंच रडू कोसळलं असतं. रडणाऱ्या बाईला पाणी आणून देतात, काका, मत देत नाहीत. म्हणून तुम्हाला गाळलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.