अकरा काचा

सांगली,
१४ ऑक्टोबर १९९७, सकाळ

प्रिय नीलिमा,

सप्रेम जय भीम. आईंनाही माझा जय भीम सांग. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी बरा आहे. म्हणजे आता बरा आहे, ते पुढं लिहितो.

तू विचारलंस, ऑफिसातला तो कॉम्प्युटर चालतो का. चालतो म्हणजे काय, पळतो! साहेबांनी त्यात अख्ख्या सांगलीचा नकाशा भरून घेतलाय. रक्ताच्या काचेत हिवतापाचे जंतू निघाले, की आमचा मानसिंग त्या घरावर लाल ठिपका टाकतो. साताऱ्याहून माणसं बघायला येतात. साहेब नवरदेवासारखे मिरवतात नुसते.

या महिन्यात वखारीमागच्या गल्लीत एकदम अकरा ठिपके आले. ती गल्ली माझ्याकडं. लगेच फवारणी, धुराची गाडी, घरोघर गोळ्या. तिथली धोंडुबाई म्हातारी तर गोळ्यांनी ओकून ओकून बेजार. मला म्हणाली, "आरं पर मला ताप कवा आला हुता रं? तू कवा माझं रगात घेतलंस?" मी म्हणालो, विसरलीस आज्जी. तोंड वर करून म्हणालो बघ.

तिचं रक्त मी घेतलंच नव्हतं. त्या गल्लीत कुणाचंच नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस तुझ्याकडं मेढ्याला आलो, तेव्हा रजा मिळाली म्हणालो ना? रजाबिजा काही नव्हती. फेरी बुडवून आलो होतो. परतल्यावर त्या फेरीतल्या रक्ताच्या अकरा काचा ऑफिसात द्यायच्या होत्या. मग काय, स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि तेच रक्त अकरा काचांवर लावलं. नावं जुन्या यादीतनं उतरवली. संध्याकाळी जाऊन, फेरी झाली दिसावी म्हणून, लोकांच्या दारांवर खडूनं मागच्या तारखासुद्धा टाकल्या. असं मी पहिल्यांदाच केलं नाही. आजवर काचांत काही निघायचं नाही, कुणाला पत्ता लागायचा नाही.

या खेपेला अकराच्या अकरा दूषित निघाल्या. कळलं का गं तुला? ताप गल्लीला नव्हता. मला होता.

तुझ्याकडं आलो तेव्हा अंग कसकसत होतं, प्रवासाचा शीण म्हणालो. दोन दिवस तुमच्या ओसरीवर मच्छरदाणीशिवाय झोपलो. मला चावलेला डास पुढं तुला चावला असणार. हेच मी दारोदार लोकांना समजावून सांगत फिरतो!

आणि तू लिहितेस, आठवड्यापासून एकाआड एक दिवस थंडी वाजून येते, आई म्हणतात सातव्या महिन्यात असं होतंच. होत नाही, नीलिमा! हातातलं काम टाक आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. रक्त तपासायला सांग, सातवा महिना आहे हे आधी सांग. स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी घेऊ नकोस. ताप कुठनं आला विचारलं, तर माझं नाव सांग.

मिलिंद आज सातारच्या गाडीवर कंडक्टर आहे. हे पत्र तो स्टँडवर मेढ्याच्या गाडीवाल्याकडं देईल. मी दहाला साहेबांपुढं जाऊन सगळं सांगून टाकतो. धूर वखारीमागं फिरतोय आणि नदीकडच्या वस्तीत माणसं खरोखर तापानं पडलीत. नोकरी जाईल. जाऊ दे. मग दुपारच्या गाडीनं येतो. समोर आलो की पुन्हा काहीतरी थाप मारीन, म्हणून आधी लिहून पाठवतोय.

एक राहिलं. त्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले. काचांचा निकाल मला एक तारखेलाच कळला होता. त्याच दिवशी माझ्या पिशवीतल्या गोळ्या काढून मी खाल्ल्या. तुलाही झाला असेल, हे तेव्हाच मनात आलं होतं. तुला कळवलं तर माझं बिंग फुटेल, म्हणून तेरा दिवस गप्प बसलो.

तुझ्या पोटातल्या बाळाचा बाप,
प्रशांत