नळी निशाण्याकडेच

रविवार, डिसेंबर. संध्याकाळी सात.

सई आज छऱ्याच्या बंदुकीच्या स्पर्धेतून बाद झाली. एकही छर्रा न मारता. आणि तेही माझ्यामुळे.

नियम काल मीच तिला वाचून दाखवला होता, ऑफिसात टीमला सूचना देतो त्याच थाटात: बंदूक भरलेली असो की रिकामी, नळी कायम निशाण्याकडेच. खाली पालक म्हणून सहीही माझीच. आणि आज ती जागेवर उभी राहून बंदूक उचलत होती, तर मागून मीच ओरडलो, "सई, इकडे बघ!" कशासाठी? तर नव्या डिजिटल कॅमेऱ्यात फोटो हवा होता. ती वळली, बंदुकीसकट.

पंच धावत आले. आधी तिच्या हातातली बंदूक काढून घेतली, मग विचारलं, "हाक कोणी मारली?" मी कॅमेरा खिशात घातला. म्हणे तीस माणसांची टीम सांभाळतो मी!

सईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चूक माझीच आहे, सर," म्हणाली. बारा वर्षांची पोर.

स्कूटरवरून कर्वेनगरला घरी आलो. दारातच हिने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही आई, नळी फिरली."

तेव्हाही मी बुटांच्या नाड्याच सोडत बसलो होतो.

मघाशी फोटो बघितला. सुरेख आलाय. सई हसतेय आणि नळी बरोबर माझ्या कपाळावर. घाईघाईने पुसून टाकला, तोच ती खोलीत आली.

"बाबा, फोटो नीट आला का?"

"हलला गं," म्हणालो.