फळ्यावरचा हसरा चेहरा

साहेब,

तुमचा गुच्छ पोचला. सोबतच्या कार्डावर 'लवकर बरे व्हा' छापलंय, खाली तुमच्या सहीचा शिक्का आहे.

माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा. तुमच्या फळ्यावर रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या नावापुढे हसरा किंवा रडका चेहरा लावायचा. मनाची केवढी काळजी! त्यानं रडका लावला. तुम्ही तो काढून हसरा लावलात आणि पाठीवर थाप मारलीत, "वरचे लोक फळा बघतात रे, राजा." दुसऱ्या दिवशीही तेच. मग तो आपणहून हसराच लावू लागला. फळा सुधारला, साहेब. माझ्या भावानं अंथरूण धरलं.

खुर्ची ओढून "काय होतंय रे तुला?" एवढं विचारलं असतंत, तर गुच्छाचा खर्च वाचला असता.

हे पत्र मी पाठवणार नाही. तो म्हणतो, "नको ताई, साहेबांना वाईट वाटेल."

आज सकाळी त्याच्या उशाशी बसून मी विचारलं, "कसा आहेस?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोणता लावू?"

त्याची ताई