डाव्या बाजूची सळई

अण्णा,

तुमच्या गाडीवरची ताडपत्री गेल्या रविवारी काढली. एकोणीस वर्षं ती शेडमध्ये डावीकडे कलून उभी होती आणि आई आणि मी तिच्या बाजूलाच कपडे वाळत घालत होतो. व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या एका पुण्याच्या माणसाला जुनी अँबॅसेडर हवी आहे. चेपलेलं तोंड तो दुसरीकडे सरळ करून घेणार, पण खालचं काम मेस्त्रींच्या मुलीनंच करावं हा त्याचा हट्ट. "मॅडम, टॉर्शन बार तेवढे तुम्हीच बदलून द्या, प्लीज," म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. खरं तर गिऱ्हाईक हे निमित्त होतं. डाव्या चाकाची सळई मला बाहेर काढून बघायची होती, आणि इतकी वर्षं धीर होत नव्हता.

तुम्ही कधी टॉर्शन बार म्हटलं नाही, सळईच म्हणायचात. पुढच्या चाकापासून गाडीच्या पोटाखाली लांब मागं गेलेली, अंगठ्याहून जाड, पोलादी. चाक खड्ड्यात गेलं की ती पिळते, खड्डा सरला की सुटते. स्प्रिंग म्हणायची ती हीच. एकाच बाजूला पिळून पिळून तिला तीच सवय लागते, म्हणून डावीची उजवीला घालायची नाही. तुम्ही सळया काढल्या की डावी डाव्या भिंतीला टेकवायचात, उजवी उजव्या, आणि टोकाला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. पान्ह्याचा धक्का लागला तरी ओरडायचात. "नखसुद्धा लावायचं नाही तिला. चीर तिथनंच सुरू होते."

मला हे सगळं पाठ होतं. पण बोम्मसंद्राच्या कारखान्यात लागून मला सहा महिने झाले होते, आणि डिप्लोमाचा माज होता. आमच्याकडे प्रत्येक भागावर अक्षराचा ठसा मारतात. त्या दिवशी तुम्ही आपल्याच गाडीचे रबरी बुश बदलायला सळया काढून ठेवल्या आणि जेवायला गेलात. मला तुमचा तो ठिपका अडाणी वाटला. मी पिशवीतून ठसे काढले. टोक ग्रीसनं माखलेलं होतं, म्हणून जरा आत, सळईच्या अंगावरच, हातोडीच्या एका घावात डावीसाठी एल उठवला. घाव बसला आणि तुमचं नखाचं बोलणं आठवलं. मी उजवीला हातच लावला नाही. ब्रश घेतला आणि एलवर रंग थापला.

तुम्ही हात पुसत आलात. अजून दिसता. "एवढा रंग? भिंत रंगवतीस काय?" मग चष्मा वर करून, "ठसा मारला नाहीस ना गं?" मी म्हटलं, "छे, अण्णा." तुम्ही सळई उचललीत आणि जागेवर बसवलीत. दुसऱ्यांदा पाहिलं नाहीत. माझ्या शब्दावर तुमचा एवढा विश्वास होता, आणि तोच मला आजपर्यंत खातो आहे.

आठ महिन्यांनी आईनं तुम्हाला आनेकलच्या बाजारातून नवी चिंच आणायला पाठवलं. वळणावर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली आणि झाडावर आदळली, आणि तुम्ही गेलात. कुणी म्हणालं कुत्रं आडवं आलं, कुणी म्हणालं डुलकी लागली. आई म्हणत राहिली, "मीच पाठवलं. घरात चिंच होती की, गोळाभर." त्या दिवसापासून ती आमटीत कोकम घालते. आणि मी रोज ऑफिसच्या बसमधून त्याच रस्त्यानं जाते. बस गतिरोधकावर आपटली की कुठंतरी लोखंड तुटल्याचा आवाज मला येतो. शेजारची बाई मोबाइल बघत असते. तिला काही ऐकू येत नाही.

तर रविवारी सळई काढली. ती दोन तुकड्यांतच बाहेर आली. अण्णा, कारखान्यात माझं कामच हे आहे, तुटलेला तुकडा बघून तो का तुटला ते सांगायचं. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग काळपट आणि गुळगुळीत होता, म्हणजे चीर कितीतरी दिवस आत आत सरकत होती. उरलेला खरबरीत, त्या क्षणी तुटलेला. काळ्या भागातल्या वर्तुळाकार रेषा मी बोटानं उलट मागं नेल्या. त्या जिथून निघाल्या होत्या तिथला रंग खरवडायची गरज नव्हती. तरी खरवडला. एल होता.

आई चहा घेऊन आली, तेव्हा मी फरशीवर बसले होते. "काय गं, कळलं काय?"

"आई, तू पाठवलंस म्हणून नाही झालं ते."

"मग कशानं?"

"सळईला चीर होती. आधीपासनं. कुठंही जाताना तुटली असती."

ती पायरीवर टेकली. मग तिचा चेहरा असा सैल झाला, जसा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, आणि ती जवळजवळ रागानं म्हणाली, "एवढे मोठे मेस्त्री! गावाच्या गाड्या बघायचे, आणि आपल्या गाडीतली चीर दिसली नाही त्यांना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले.

नव्या सळया बसवल्या. नवी सळई वापरात थोडी खाली बसते म्हणून तुम्ही सांगायचात तशी उंची थोडी जास्त ठेवली, गाडी चार वेळा मागंपुढं ढकलली, दोन्ही बाजू वितीनं मोजल्या. आता गाडी सरळ उभी आहे. आई रात्री झोपते. काल कुंपणापाशी ती शेजारच्या अक्कांना सांगत होती, "त्यांचाच निष्काळजीपणा होता बघा, आमची पोर शिकलेली म्हणून कळलं तरी." अक्कांनी माझ्याकडं बघितलं. अण्णा, मी मान डोलावली.